आयच्या टोपलीतलं पनीर

७ जानेवारी, मंगळवार

शेवटी माझेही दिवस आले! श्रीरंग सरांनी आज सगळ्यांसमोर फाईल माझ्या टेबलावर ठेवली. "एलिसा मॅडम, हे तुमच्याच गावचं काम. तुम्हीच बघा." सर लॅबचे मालक. ते मॅडम म्हणाले की काम वाढलं असं समजायचं, हे मला अठरा वर्षांत कळलंय. तरी फुगले. गोखिवऱ्याच्या या गाळ्यात बसून दुधात पाणी किती नि तुपात डालडा किती एवढंच शोधत आले. आज पहिल्यांदा कुणी विचारतंय – दूध आलं कुठून?

काम असं. गावातल्या बचत गटाला टोपलीतलं पनीर मुंबईच्या एका दुकानात ठेवायचंय. ताडीच्या शिरक्याने दूध फाडायचं, वेताच्या वाटीएवढ्या टोपलीत निथळत ठेवायचं, वर मीठ. आमच्याकडे हे आजीच्या आजीपासून चालत आलंय. दुकानवाल्याची अट एकच – दूध वसईचंच आहे असा लॅबचा कागद आणा. पाच घरं पनीर करतात. त्यातलं एक माझ्या आयचं! यादीत पहिलंच नाव: क्लेमेंटीन. फाईल हातात घेऊन उगाच दोनदा जिना चढले-उतरले.

८ जानेवारी, बुधवार

क्षितिजाला सगळं समजावलं. क्षितिजा म्हणजे शेजारच्या टेबलावरची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि तेवढ्याच पटीने हुशार. पण समजावण्याचा मान माझा.

म्हटलं, म्हैस खाते त्याची खूण दुधात उतरते. भात, केळी, म्हणजे आपला वसईचा चारा, ही एका जातीची झाडं. मका, ऊस, ज्वारी, म्हणजे बाहेरचा चारा, दुसऱ्या जातीची. दोघांच्या कार्बनचं वजन किंचित वेगळं असतं; आकडा उणेत येतो, भात-केळीचा जास्त उणे. ते म्हशीच्या अंगात जातं, तिथून दुधात, दुधातून पनीरात. पनीराचा कणभर तुकडा जाळायचा, निघालेला वायू मोजायचा, की म्हैस काय चरली ते समजतं. मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, ते पुण्याच्या एका संस्थेत. आपण नमुने सुकवून पाठवायचे नि आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायचा.

"पण जुळवायचं कशाशी?" क्षितिजा.

"संदर्भ नमुन्याशी. शंभर टक्के खात्रीचं वसईचं दूध घ्यायचं, बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे."

"आणि ते शंभर टक्के कुठून आणणार?"

मी हसले. असं हसले की आठवून आत्ताही छान वाटतंय.

१२ जानेवारी, रविवार

फुलपाड्याच्या माझ्या घरून गावी आयकडे. दर रविवारी जाते – चर्चला मिस्सा, जेवण, आणि येताना माझी टोपली. टेबलावर झाकून ठेवलेलीच असते. शेजारच्या ॲन्सेल्मच्या म्हशीचं दूध, आयचा हात. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना मी सांगते, डोळे बांधून खायला द्या, गावचं कुठलं नि बाहेरचं कुठलं ते जिभेवर ओळखीन.

आयला म्हटलं, लॅबला एक टोपली दे. तिने काम थांबवून नीट चौकशी केली.

"काय करता गो त्याचं?"

"सुकवतो. मग कणभर जाळतात."

"आनि बाकीचं?"

"फेकतो."

"कोनी खात नाय?"

"आय, तपासायला असतं ते. खाऊन कसं चालेल!"

मी टेबलावरची टोपली उचलायला गेले तर हातावर चापट! "ती तुजी." मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यातून एक काढून दिली. खास निवडून दिली बहुतेक. पंच्याहत्तरीतही आयला चांगलं दिसायची हौस आहेच.

नमुन्याचा फॉर्म तिथेच टेबलावर भरला. "जनावर, चारा व पाणी प्रत्यक्ष पाहिले – होय / नाही." होयवर खूण केली. ॲन्सेल्मच्या म्हशी मी फ्रॉक घालायची तेव्हापासून पाहतेय. त्यातल्या एकीने माझी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीची मेणबत्ती खाल्ली होती!

१३ जानेवारी, सोमवार

क्षितिजाने फॉर्म वाचला. "मॅडम, गोठ्यात गेलात?"

"अगं, माझ्या आईचं आहे ते."

"हो, पण गोठ्यात गेलात?"

या नव्या मुलींना माणसांवर विश्वासच नाही. पाचही घरांचे नमुने पुण्याला पाठवले.

२४ जानेवारी, शुक्रवार

निकाल! आकडे तक्त्यात घातले की तक्ता आपोआप रंग दाखवतो. संदर्भाशी जुळलं की हिरवा, नाही जुळलं की लाल. आयचा संदर्भ मध्ये ठेवला. बाकीची चार घरं – हिरवा, हिरवा, हिरवा. लाल.

लाल कोण? प्लासिड मामा.

तीनदा तपासलं. मामा आयचे चुलतभाऊ, गटातले एकुलते एक पुरुष. मामी गेल्यावर तिचं पनीर बंद पडू नये म्हणून स्वतः शिकले. केळीची वाडी, वाडीच्या टोकाला दोन म्हशी. पप्पा गेले त्या वर्षी माझी कॉलेजची फी भरायच्या रांगेत मामाच उभे होते. आणि हा माणूस बाहेरचं दूध आणून आमचं म्हणून विकतो? वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच्याखाली थोडासा आनंदही होता, तो इथे लिहून ठेवते कारण हे पान कुणी वाचणार नाही. वाटलं – बघा, नात्यागोत्याला न बघणारी एलिसा!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर चर्चच्या हॉलमध्ये गटाची बैठक. गटाची अध्यक्ष एलिना. माईक नसला तरी तिचा आवाज पाचूबंदरापर्यंत जातो, आज माईक होता. माझा रिपोर्ट तिने वाचला. "शास्त्रीय चाचणीनुसार" हे तर दोनदा वाचलं.

सगळे मामांकडे बघायला लागले. ते उभे राहिले. टोपी हातात. मला वाटलं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे नाही, आयकडे बघत होते. आय पायाखालच्या लादीकडे. मग म्हणाले, "एलिसाबाय, तुजं यंत्र बरोबरच असेल." आणि बसले.

मी ते कबुलीजबाब समजले.

एलिनाने जाहीर केलं – चर्चच्या सणाला यंदा प्लासिडने पनीरचं टेबल लावायचं नाही. मामींच्या वेळेपासून ते टेबल दाराच्या डाव्या हाताला असतं. हॉलमधून बाहेर पडताना बायका त्यांच्यापासून एक पाऊल लांबून गेल्या. एकच पाऊल, पण दिसत होतं.

घरी आयने माझी टोपली दिली. "रिकामी परत आन," एवढंच. नेहमीसारखंच मऊ, गोडसर. खाताना मनात म्हटलं, याला म्हणतात अस्सल.

२८ जानेवारी, मंगळवार

मामांकडून केळी आली नाहीत. दर मंगळवारी येतात. आणि मी चिडले! ज्याला चारचौघांत खोटा पाडला त्याने केळी पाठवली नाहीत म्हणून!

३१ जानेवारी, शुक्रवार

लिहू की नको.

क्षितिजाने दुपारी डब्याच्या वेळी कागद समोर ठेवला. रंग नाहीत, नुसते आकडे. नमुने पाठवताना तिने तिच्या मनाने एक पुडकं जास्तीचं घातलं होतं. खालच्या दुकानातल्या पिशवीच्या दुधाचं. "सवय आहे मॅडम, एक बाहेरचं बरोबर ठेवायची."

पिशवीचं दूध: उणे सतरा. मका, ऊस.

हिरवे तिघं: उणे सतराच्या आसपास.

आयचा संदर्भ: उणे सतरा.

प्लासिड मामा: उणे पंचवीस. भात आणि केळी.

"मॅडम, तुमच्या आईचा आकडा नि पिशवीचा आकडा सख्ख्या बहिणी आहेत." हळू म्हणाली. हसली नाही. हसली असती तर ओरडायला तरी काहीतरी मिळालं असतं.

केळीच्या वाडीत राहणाऱ्या माणसाच्या दुधात केळी सापडली म्हणून मी त्याला परका ठरवला! आकडे माझ्याच समोर होते. मी रंग बघत बसले. तीन आठवड्यांपूर्वी शिकवत होते कुणाला तर क्षितिजाला! डबा तसाच घरी आणला.

२ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या दाराने आयकडे गेले नाही. पहिल्यांदा मागे वळले. आमच्या घराच्या मागच्या दारापासून ॲन्सेल्मचा गोठा वीस पावलांवर. गोठा नाही. तिथे दोन खोल्या बांधल्यात, भाडेकरू आहेत. दोरीवर शाळेचे युनिफॉर्म वाळत होते. म्हशीचं नाव नाही, शेण नाही, वास नाही. दोन वर्षं दर रविवारी मी या घरात जेवते आणि मागचं दार कधी उघडलं नाही!

आय भांडी घासत होती.

"म्हशी कुठे आहेत?"

"इकल्या. दोन वर्सं झाली, ॲन्सेल्मच्या पायाचं ऑपरेशन झालं तवा."

"आणि पनीर?"

"पिशव्या आनते. सगळ्याच आनतात. प्लासिड सोडून."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. दोन वर्षं मला फसवलंस, हे बोलले. माझी नोकरी, माझं नाव, हेही बोलले. मामांचं नाव मात्र तिसऱ्या नंबरवर आलं, ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय. आणि म्हणाले, जिभेवर ओळखीन म्हणून मिरवत होते, पिशवीचं खाऊन! स्वतःच्याच जिभेचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता.

आय हात पुसत उभी होती. "तू कदी इचारलंस?" एवढंच म्हणाली.

टेबलावर माझी टोपली होती. नेहमीसारखी. उचलली. आयला वाटलं असेल, राग गेला. मी म्हटलं, "खायला नाही. पुरावा म्हणून नेते." आणि आपटून दार लावलं. चाळीस वर्षांची बाई!

३ फेब्रुवारी, सोमवार

टोपली लॅबच्या फ्रीझरमध्ये ठेवली. वर चिठ्ठी चिकटवली.

श्रीरंग सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मग म्हणाले, "तांत्रिक कारणास्तव फेरतपासणी, असं लिहू. कुणाचं नाव नको, तुमचं नको, आईचं नको." चांगला माणूस आहे. आणि मला ते इतकं आवडलं की हो म्हणून टाकलं. तांत्रिक कारणास्तव! किती छान शब्द आहेत. यात कुणी चुकतच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

यावेळी गोठ्यात जाऊन. पहाटे मामांच्या वाडीत. म्हटलं, दूध काढताना उभी राहायचंय. मामा बाजूला सरकले. म्हशीपुढे केळीच्या खोडाचे सोप चिरून टाकलेले, पलीकडे भाताचा पेंढा. फॉर्मवर सगळं लिहिलं, फोटो काढले. गोठ्याच्या खुंटीला एक चेपलेल्या झाकणाची किटली टांगलेली, ओळखीची वाटली. गावात सगळ्यांकडे तसलीच असते.

धार काढून झाली तेव्हा विचारलं, "मामा, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर इचारलं असतं सगल्यांनी, मग संदर्भ कोनाचा? तुज्या आयचा. मंग?" आणि बादली उचलली. "चा पिशील?"

प्याले. रडले नाही, पण चहा खारट लागला असं म्हणायला हरकत नाही.

तिथून रिक्षा करून चांदीपला कल्पेशच्या गोठ्यात. तो वसई तालुक्यातलाच शेतकरी, गटाशी काही संबंध नाही. म्हणून मुद्दाम. त्याचंही समोर उभं राहून घेतलं. कल्पेश म्हणाला, "मॅडम, मध्येच वासरू आलं तर बाजूला व्हा." झाले नाही. वासराने फॉर्मचा कोपरा खाल्ला. आमच्या घराण्याचं आणि गुरांच्या भुकेचं नातं जुनं आहे.

सगळे नमुने परत पाठवले. सोबत फ्रीझरमधल्या टोपलीतला तुकडाही. गरज नव्हती. रागाने पाठवला. आयला दाखवायचा होता, बघ म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

गेले नाही. सर्दी आहे असा मेसेज टाकला. उत्तर आलं नाही. आयला मेसेज वाचता येतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आकडे आले. मामा: उणे पंचवीस. कल्पेश: उणे चोवीस. वसईचं दूध असं दिसतं. पाच घरांतलं एकच घर वसईचं, आणि तेच मी लाल केलं होतं. फ्रीझरमधल्या तुकड्याचा आकडा नाही आला, संस्थेने कळवलं नमुना नीट सुकला नव्हता, पुन्हा लावतोय. असू दे. काय येणार ते माहीत आहे.

तांत्रिक कारणास्तवचं पत्र टाईप करून झालं होतं. वाचलं. मामांनी गप्प बसून आयला वाचवलं, आता मी शब्द शोधून स्वतःला वाचवतेय. फाडलं. दुसरं लिहिलं: संदर्भ नमुना माझ्या आईच्या घरून, गोठा न पाहता घेतला. फॉर्मवर खोटी खूण मी केली. मग आयला फोन. अकरा दिवसांनी.

"आय, तुझं नाव घालावं लागेल."

"घाल."

"लोकं बोलतील."

"बोलू दे. प्लासिडला बोललेच ना." फोन ठेवला.

सरांनी पत्र वाचलं. "आईला कशाला मध्ये आणलंत?" म्हणाले, पण सही केली.

१६ फेब्रुवारी, रविवार. चर्चचा सण

पहिल्या मिस्सानंतर हॉलमध्ये पत्र मीच वाचलं. एलिनाला दिलं नाही. वाचताना खुर्चीची पाठ धरली, तर ती खुर्ची घडीची निघाली आणि मिटली. माझा माफीनामा असा धडपडतच झाला. आय पहिल्या रांगेत, नव्या लुगड्याचा पदर नीट करून बसलेली. तिचं नाव आलं तेव्हा तिने मान हलवली, हजेरीला हलवतात तशी.

मग एलिना माईकवर, "म्हणजे आपण सगळ्या पिशवीवाल्या?" तिचंही घर हिरव्यांत होतं. आधी कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल.

मामांचं टेबल दाराच्या डाव्या हाताला. एलिनाने स्वतः चादर अंथरली. त्यांनी मला बघून एक फणा केळी काढून ठेवली. मंगळवारची केळी ती.

आणि त्यांच्या शेजारी आय! पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात: "पिशवीच्या दुधाचं. हात क्लेमेंटीनचा." अकराच्या आत सगळ्या टोपल्या संपल्या. मामांच्या अजून चार बाकी होत्या. ते म्हणाले, "बघ. लोकांना खरं आवडतं, पन चव त्याहून."

मी तिथेच घुटमळले. आयने सगळ्यांना दिलं, माझ्याकडे बघितलं नाही. यावेळी माझी टोपली नव्हती. मागायला तोंड कुठे होतं!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राहिलेला आकडा आला. आयने माझ्यासाठी त्या रविवारी ठेवलेली टोपली, जी मी रागाने उचलून नेली होती, तिचा.

उणे पंचवीस. मामांच्या म्हशीशी तंतोतंत.

फोन केला. आय म्हणाली, "ती तुजीच होती. दर शनिवारी प्लासिडकडून किटलीभर आनते, तुज्यापुरतं. लॅबवाले जालून टाकनार म्हनालीस ना, मंग चांगलं कशाला वाया घालवायचं?"

त्या दिवशी का नाही सांगितलंस, विचारलं. ती म्हणाली, "तू ऐकत होतीस कुठे. आता ऱ्हाऊ दे. रविवारी येताना टोपली परत आन, दुधाला लागल."

टोपली लॅबच्या फ्रीझरमध्ये आहे. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी – "पुरावा".